एका छिद्रावर टांगलेला समुद्र

उन्हाळ्यात वीज गेली की माणसं पंख्याकडे बघतात. मी जमिनीकडे बघतो.

परवाचीच दुपार घ्या. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतंय, आणि मी चहाचा कप ओठाला लावलेला. पंख्यानं एक लांब सुस्कारा टाकला, पाती एकेक करून दिसायला लागली. शेजारून नेहमीचा पुकारा झाला, "गेली रे गेली!" इथपर्यंत सगळं चार लोकांसारखं. पण माझा घोट घशाच्या अलीकडेच अडकला, नजर फरशीच्या सांध्यांवर गेली आणि मनातल्या मनात मोजणी सुरू झाली. एक... दोन... तीन... पाचाच्या आत एक आवाज यायला हवा. आला तर सगळं ठीक. नाही आला, तर धाव!

तो आवाज ज्या नळीतून यायचा ती नळी भंगारात जाऊन पंचवीस वर्षं झाली. मला ते पक्कं ठाऊक आहे. माझ्या घशाला अजून कुणी कळवलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधोमध केव्हातरी, देवासला, पहिल्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत मी समुद्र बांधला होता. हसू नका. आमचं घराणं धारचं. राजांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलं आणि तिथंच राहिलं. पाच पिढ्यांत आमच्यापैकी कुणाचा पाय खाऱ्या पाण्यात भिजला नव्हता. धारेला साडेबारा तलाव, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात, पण सगळे गोडे. मी देवासच्या एका रसायनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झालो, कारखान्यानं तीन महिन्यांसाठी मुंबईला धाडलं, आणि तिथल्या मत्स्यालयात एका काचेपलीकडून एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे, माझ्याकडे असा रोखून बघायला लागला की मी तिथंच संपलो. परत आलो तो बायकोसाठी साडी न आणता डोक्यात एक टाकी घेऊनच. सुलभा, म्हणजे माझी बायको, साडीचं अजून काढते. माशाचं काढत नाही, हा तिचा मोठेपणा.

पाच फूट लांब, दोन फूट उंच काचेची टाकी. पाणी चारशे लिटर. आणि गाव कुठलं? देवास! जिथं उन्हाळ्यात टँकरमागं बादल्यांची रांग लागायची आणि आंघोळीचं पाणी झाडाला, झाडाखालून वाहून आलेलं कुंडीत जपलं जायचं. म्हणून मी गावच्या पाण्याला हात लावला नाही. मुंबईला माल घेऊन जाणारा एक ट्रक येताना रिकामा यायचा. त्याच्या ड्रायव्हरला गाठलं आणि चौतीस कॅन समुद्र मागवला. नाक्यावर शिपायाला संशय आला, की इतके कॅन, इतकी लपवाछपवी, आत नक्कीच काहीतरी जोरदार असणार. त्यानं कॅन उघडून चांगला मोठा घोट घेतला. ड्रायव्हर सांगत होता, "साब, उसने मुझे गाली भी नहीं दी. बस, थूकता रहा."

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांना सगळे दाजी म्हणत. बदनावरकडचे शेतकरी, मुलींच्या शाळेसाठी देवासला घर केलेलं, पण जीव शेतात. जिन्यावरून चढणारे कॅन त्यांनी मोजले, एकाचं बोट लावून चाटलं, आणि डोक्याचा साफा काढून परत बांधला. काही गंभीर बोलायचं असलं की ते तसं करत.

"पीवा को पाणी नी मिले, ने तम पाणी में लूण घोलो हो, भिया!"

"दाजी, घोललेलंच आलंय. समंदर का है."

"तो समंदर में रेणे देता."



खरी गोष्ट मात्र लुणाची, म्हणजे मिठाची, नव्हती. माझी टाकी जिथं बसणार, बरोबर त्याच्याखाली दाजींची बियाण्याची खोली होती. सोयाबीन तेव्हा माळव्यात नवं नवं मुरत होतं, आणि दाजींनी जुनी पिकं सोडून सगळ्या जमिनीत तेच पेरायचं ठरवलं होतं. निवडून, पाखडून, पोत्यांत भरून ठेवलेलं बी. फार नाजूक प्रकरण. पोतं आपटलं तरी आतली उगवण मरते, म्हणून दाजी ती पोती झोपलेल्या बाळासारखी उचलत आणि दोनावर तिसरं कधी रचत नसत. ओल तर त्याला वैऱ्यासारखी. आणि आमची जमीन? लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेल्या, सांध्यांत चुना. वरून कुणी तांब्या लवंडला तर खालच्याला कळायचं.

"भिया," दाजी म्हणाले, "नीचे म्हारो बीज पड्यो हे. एक टपको भी नी आणो चइये."

"एक भी नहीं आएगा," मी म्हणालो. वय सव्वीस. त्या वयात माणूस पाण्याच्या वतीनंही वचन देतो.

आता समुद्र बांधायचा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. बायको म्हणते थोडक्यात सांगता येत नाही तुम्हाला, तरी सांगतो. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच सगळं करतात. खऱ्या समुद्राला त्याचं काही नाही, चारशे लिटरच्या समुद्राला ते आठवडाभरात मारतं. म्हणून पाणी फिरतं ठेवावं लागतं. टाकीच्या वरच्या काठाशी एक उभी नळी; काठापर्यंत आलेलं पाणी तिच्यात पडायचं, खाली एका उंच पिंपात ठिबकायचं, तिथून स्टँडखालच्या दुसऱ्या टाकीत, आणि तिथून पंपानं पुन्हा वर. पंप कारखान्याच्या भंगारातला, प्लास्टिकचा, कारण खारं पाणी लोखंड खातं.

त्या उंच पिंपात जादू होती. कारखान्यात वायू धुवायचे मनोरे असत, त्यांत चिनी मातीची कडी भरलेली. पाणी कड्याकड्यावरून झिरपतं, पातळ होतं, हवा खातं. मला तशी कडी हवी होती, हजारांनी. ती कुठं मिळाली? हाटपिपल्याच्या बाजारात, बांगडीवाल्याकडे! रंग सुटू नये म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या, लहान मापाच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बांगड्या घेतल्या. त्यानं विचारलं, "बाबूजी, कितनी लड़कियाँ हैं?" मी म्हणालो, "दो मछलियाँ हैं." त्यानं घाईघाईनं बांधून दिल्या.

नुसत्या बांगड्यांनी काही होत नाही. त्यांच्यावर एक अदृश्य जीवसृष्टी धरावी लागते, जी माशांची घाण पचवते. तिला सहा आठवडे लागतात आणि तोवर हात चोळत बसावं लागतं. सुलभाला मी हे शास्त्रीय भाषेत अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे विरजण लागायचंय." तिचंच बरोबर होतं.

विरजण लागलं. दिवाळीच्या आधी मुंबईहून दोन मासे पिशवीतून आले. एक सदा रुसलेला, कोपऱ्यात तोंड फिरवून. दुसरा सदा मध्ये मध्ये करणारा. सुलभानं बारसं केलं. एक वन्सं, दुसरे भावजी.

तुम्हाला सांगतो, त्या हिवाळ्यातल्या सकाळी मी विसरलेलो नाही. खिडकीतून टेकडीवरचं ऊन टाकीत शिरायचं आणि छतावर पाणी हलायचं. जिन्यातून खालच्या सोयाबीनचा कोरडा, किंचित कडसर वास वर यायचा. आमच्या खोलीतून मिठाचा वास खाली जायचा. मध्ये कुठेतरी, पाचव्या पायरीच्या आसपास, माळवा आणि समुद्र एकमेकांना भेटत असावेत. दाजी रोज पाचव्या पायरीपर्यंत येत, वर बघत, आणि परत जात. सहाव्या पायरीवर पाय ठेवला नाही.

आता ते संकट, ज्याच्यामुळे वीज गेली की मी आजही चहा गिळू शकत नाही.

रॉकेलच्या पिंपातून नळीनं रॉकेल काढताना काय करतो आपण? एकदा तोंडानं ओढायचं, मग ते आपलं आपण वाहत राहतं, याला सायफन म्हणतात. माझी परतीची नळी, म्हणजे पंपापासून वर टाकीत जाणारी, तशीच होती. पंप चालू असताना पाणी वर चढायचं. वीज गेली की तीच नळी उलटी होऊन टाकी खाली रिकामी करायला बसायची. नळीचं तोंड मी हौसेनं टाकीच्या तळाशी नेलेलं, तळ स्वच्छ राहावा म्हणून. म्हणजे वीज गेली तर जवळजवळ सगळा समुद्र खालच्या टाकीत, तिथं मावणार नाही म्हणून फरशीवर, फरशीच्या सांध्यातून दाजींच्या बियाण्यावर.

त्यासाठी मी एकतर्फी वाल बसवला होता. पितळेचा, वजनदार. दाजींच्या विहिरीवर तसाच होता. त्यांनी विचारलं, "वाल लगायो?" मी म्हणालो, "लगायो." ते निश्चिंत झाले. पितळेवर त्यांचा विश्वास होता.

पितळेवर समुद्राचा नव्हता. दोन महिन्यांत, माशांबरोबर आणलेले टाकीतले जिवंत शंख एकेक करून मेले. पाणी पितळेतलं विष हळूहळू पीत होतं. माझी आत्या, धारच्या आत्याबाई, नंतर हे ऐकून म्हणाल्या, "वसंता, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे तुमच्या कारखान्यात शिकवत नाहीत?" मी वाल काढून टाकला. प्लास्टिकचा देवासात मिळेना. मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार गोष्ट केली. परतीच्या नळीला, टाकीच्या आत, पाण्याच्या पातळीच्या बोटभर वर, सुईनं पाडावं तसं एक छिद्र पाडलं. एवढंच. पंप चालू असताना त्यातून एक बारीक पिचकारी उडायची आणि टाकीतच पडायची. वीज गेली की नळी त्याच छिद्रातून हवा ओढायची, "घुळ्ळुक!" असा एक घोट घ्यायची, आणि उलटा प्रवाह तुटायचा. वालाला हलणारे भाग असतात, ते अडकतात. छिद्राला हलायला आहेच काय? छिद्र कधी बिघडत नाही.

आणि मी दाजींना सांगितलं नाही.

सांगणार होतो. रोज जिन्यात भेटायचे. पण "वाल काढला, आता एका छिद्रावर चाललंय" हे वाक्य सोयाबीनच्या पोत्यांकडे बघून तोंडातून निघेना. हिवाळा गेला. उन्हाळा लागला आणि त्याच्याबरोबर वीजकपात : बारा ते दोन, कधी अकरा ते दोन, कधी आम्ही उठायच्या आत. दर वेळी पंखा थांबायचा, मी हातातलं काम टाकून मोजायचो. एक, दोन, तीन... "घुळ्ळुक!" मग श्वास घ्यायचो. मी आणि नळी बरोबरच श्वास घ्यायचो. कारखान्यात असलो तरी तिथली यंत्रं थांबताच मी पेन्सिल ठेवून मोजायला लागायचो. सुलभा चिडायची, "मी माहेरी निघाले म्हटलं तरी तुम्ही इतकं कान देऊन ऐकत नाही."

मेच्या अखेरीला आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या. सत्तरीच्या, ताठ, नऊवारी लुगडं, अंबाड्यात चांदीचा आकडा. पाण्याची टंचाई बघून त्यांनी पदर खोचला. आठ दिवसांत घरातली गळणारी प्रत्येक वस्तू बुजवली. मोरीचा नळ चिंधीनं, माठाचा पाझर चुन्यानं, बादलीचा तळ मेणबत्तीच्या मेणानं. मी कौतुक करत होतो! दाजी सोडून आल्यागेल्याला, दूधवाल्यालासुद्धा, मी त्या छिद्राचं व्याख्यान दिलं होतं. आत्याबाईंना दिलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि धाकट्यानं आपण होऊन शिकवायचं हे आमच्या घरात बसत नाही.

जूनचा पहिला आठवडा. रविवार, दुपारचे बारा वाजत आलेले. दाजींनी मला खाली बोलावलं होतं. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती आणि त्यांनी बियाण्याची परीक्षा लावली होती : शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार दिवसांनी उघडायचं, किती उगवले ते मोजायचं. गोणपाट त्यांनी माझ्यासमोर उलगडलं. पांढऱ्या इवल्या शेपट्या! दाजी इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. ते पाच पाच करून मोजत होते आणि मी ठरवलं, आज सांगूनच टाकू.

"दाजी, एक बात बतानी थी..."

पंखा थांबला.

एक. दोन. तीन. माझी मान वर. चार. पाच. सहा. खोलीत माशीही नव्हती. सात. वरून घोट नाही. त्याऐवजी एक बारीक, अखंड सळसळ. पंप बंद, तरी पाणी चालू.

जिना मी कसा चढलो माहीत नाही. पाचवी पायरी, सहावी पायरी कुणी मोजली? खालची टाकी काठोकाठ आलेली, फुगलेली, आणि माझ्या देखत काठावरून सुटली. जीभ बाहेर काढावी तसं पाणी फरशीवर आलं. समोर आत्याबाई पाटावर बसून, प्रसन्न मुद्रेनं.

"अरे, ती नळी गळत होती हो तुझी. केव्हापासून पिचकारी उडतेय आणि तू बघत नाहीस. सकाळीच बुजवली मी मेणानं. पंप क्षणभर बंद करून, नीट पुसून, छान बसवलंय."

छानच बसवलं होतं! नखानं निघेना. नळी मी पक्की चिकटवलेली, ती उपटता येईना. वन्सं आणि भावजी खाली खाली चाललेल्या पाण्यात गोल गोल फिरत होते. "खिळा! सुई! काहीतरी द्या!" मी ओरडलो. सुलभा डबे पालथे घालत होती. आत्याबाईंना सायफन कळला नसेल, पण पुतण्याचा चेहरा कळला. त्यांनी काही विचारलं नाही. अंबाड्यातून आकडा ओढला, मला बाजूला सारलं, स्वतःच टाकीत हात घातला आणि स्वतःच्याच मेणात तो खुपसला.

घुळ्ळ्ळुक.

असा आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही. नळीनं इतक्या जोरात श्वास घेतला की आत्याबाई दचकल्या. सळसळ थांबली. पण दोन-अडीच बादल्या तोवर फरशीवर पसरल्या होत्या आणि सांध्यांकडे निघाल्या होत्या. सुलभानं गोधडी टाकली. आत्याबाईंनी दोरीवरचं वाळलेलं लुगडं ओढून अंथरलं, केस मोकळे, गुडघ्यांवर बसून पिळतायत. मी खाली धावलो.

दाजी बियाण्याच्या खोलीत उभे होते. छतातून तीन ठिकाणी टपकत होतं. पोती ओढता येत नव्हती, फेकता तर नव्हतीच. आपटलं की बी मेलं. म्हणून ते एकेक पोतं दोन्ही हातांवर तोलून, अगदी सावकाश, भिंतीकडे नेत होते, आणि थेंब मागे लागले होते. मधल्या पोत्यांवर त्यांनी डोक्याचा साफा पसरला होता. त्यांना उघड्या डोक्यानं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी दुसरं पोतं उचललं, त्यांच्यासारखंच, सावकाश. घाई करायची मनाई असलेलं संकट मी तेवढं एकच पाहिलंय.

एका पोत्याचा कोपरा भिजलाच. दाजींनी बोट लावलं, चाटलं.

"खारो हे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या ओल्या कोपऱ्यातून मूठभर दाणे घेतले, शंभर मोजले, गोणपाटात गुंडाळले आणि कोनाड्यात ठेवले. बाकी ओले दाणे सुपात पसरले.

"चार दन. ऊगी ग्यो तो ठीक. नी ऊगे तो तमारो समंदर नीचे उतारी लीजो."

ते चार दिवस! कारखान्यात मी एका नकाशावर नळीऐवजी शेपटी काढली. आत्याबाईंनी धारला जायचं नाव काढलं नाही. रोज सकाळी त्या स्वतःच्या प्यायच्या फुलपात्रातलं पाणी घेऊन खाली जात, दाजींना न विचारता कोनाड्यातल्या गोणपाटावर शिंपडत आणि हात जोडत. घरात कुणी कुणाला दोष देत नव्हतं, त्यामुळे भांडून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. वीज जायची, नळी घोट घ्यायची, आणि तरी कुणाला सुटल्यासारखं वाटायचं नाही.

चौथ्या दिवशी मी कारखान्यातून रजा घेतली. दाजींनी हाक मारली. आम्ही तिघं खाली. गोणपाटाचा पहिला वेढा सुटला : नुसते फुगलेले दाणे. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. दुसरा वेढा. एक शेपटी. तिच्याजवळ दुसरी. तिसरा वेढा उघडला आणि दाजी मोजायला लागले, पाच पाच करून, ओठ हलवत. पहिल्या परीक्षेइतके नव्हते. सात-आठ कमी. ते पुन्हा मोजून झाल्यावर त्यांनी साफा काढला, परत बांधला.

"ऊगी ग्यो, भिया."

मग म्हणाले, "चलो, बताओ म्हारे." आणि जिना चढायला लागले. पाचवी पायरी. सहावी. आयुष्यात पहिल्यांदा ते टाकीसमोर उकिडवे बसले. भावजी लगेच पुढे आले, वन्संनी पाठ फिरवली. मी छिद्र दाखवलं. दाजींनी डोळे बारीक केले.

"इत्तोसो छेद? म्हारी पूरी फसल इत्ता से छेद पे टंगी थी? ने वाल?"

"दाजी, वाल तो मैंने ठंड में ही निकाल दिया था."

"तमने म्हारे बतायो नी."

"डर लगता था."

"बीज म्हारो थो, ने डर तम अकेला ने राखी लियो?" ते म्हणाले. मला शिव्या खायची सवय होती, हे खायची नव्हती. मग आपणच म्हणाले, "वाल तो म्हारा कुआ पे भी आठ दन में अटके हे. छेद चोखो."

मी त्याच आठवड्यात शेजारी आणखी दोन छिद्रं पाडली आणि तिन्हींभोवती लाल रंगाची वर्तुळं काढली. बचावाची जागा कधीही गळतीसारखी दिसू देऊ नये, नाहीतर आपलीच प्रेमाची माणसं ती बुजवतात. पण ही सगळी नंतरची अक्कल. त्या दिवशी दाजी उठणार तेवढ्यात पंखा थांबला. बारा वाजले होते. आम्ही चौघं जागच्या जागी. दाजींचा हात साफ्यावर, आत्याबाईंचा आकड्यावर. एक. दोन. तीन.

"घुळ्ळुक!"

दाजी इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. त्या वर्षी त्यांचं सोयाबीन चांगलं आलं. भिजलेल्या पोत्याचं बी त्यांनी बांधाकडेला वेगळं पेरलं होतं आणि सगळ्यांना "यो समंदर वालो" म्हणून दाखवत.

पुढं बदली झाली, टाकी गेली. आत्याबाई गेल्या, दाजीही गेले. परवा दुपारी मात्र मी तसाच बसलो होतो, कप ओठाला, नजर फरशीवर, मोजणी आठावर गेलेली. घरात कसलीही नळी नाही, खाली कुणाचं बियाणं नाही, तरी घोट उतरेना. नऊ. दहा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, पोळ्या लाटता लाटता, सुलभानं गाल फुगवून तोंडानं आवाज काढला :

"घुळ्ळुक!"

आणि म्हणाली, "झालं. प्या आता चहा."

मी प्यालो.